वेग आणि काल : सम प्रमाण की व्यस्त प्रमाण?

प्रश्न : शाईदौत

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत आहे आणि विज्ञानाच्या पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा पाठ आम्ही दोघी मिळून वाचत आहोत. मी वाणिज्य शाखेची. ही समीकरणे मी शाळेत पाठ केली होती, त्यांवर गुणही मिळवले होते. पण परवा तिने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही आणि तेव्हापासून मलाही चैन नाही.

तिने वहीच्या एकाच पानावर दोन सूत्रे एकाखाली एक लिहिली होती. पहिले, वेग = विस्थापन ÷ काल. दुसरे, अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काल. (विस्थापन म्हणजे निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर, दिशेसह; त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल.) पहिल्या सूत्रात काल भागाकारात खाली आहे, म्हणजे काल वाढला की वेग कमी झाला पाहिजे, आणि अनुभवही तसाच आहे. तिचे आजोळ आमच्या घरापासून ६० किलोमीटरवर आहे. एका तासात पोहोचलो तर वेग ताशी ६०, दोन तास लागले तर ताशी ३०. दुसऱ्या सूत्रात मात्र काल गुणाकारात आहे, म्हणजे काल वाढला की वेग वाढला पाहिजे, आणि गच्चीवरून सोडलेल्या चेंडूच्या बाबतीत तेही खरेच आहे. तिचा प्रश्न असा, की मग वेग आणि काल यांचे नाते नेमके कोणते समजायचे? एकाच पाठात दोन उलट नियम कसे असू शकतात? तिच्या शिकवणीत तिने हे विचारले तेव्हा ‘दोन्ही बरोबर आहेत, गणितात जे दिले असेल त्याप्रमाणे सूत्र वापर’ एवढेच उत्तर मिळाले. ते चूक नसेल, पण त्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही.

याला जोडून माझी स्वतःची एक शंका आहे. वेग काढायला अंतराला कालावधीने भागावे लागते. मग ‘दहाव्या सेकंदाच्या क्षणी असलेला वेग’ असे आपण म्हणतो तेव्हा भागायचे कशाने? क्षणाला तर लांबीच नसते.

पहिला प्रतिसाद : काटकोन

ताई, मी तीस वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवले. हा प्रश्न तोंडाने विचारणारी मुले मला फार थोडी भेटली, पण तो मनात अडकलेली मुले पुष्कळ होती, हे त्यांच्या उत्तरपत्रिकांवरून कळत असे. तुमच्या मुलीने तो स्वच्छ शब्दांत मांडला, त्याबद्दल तिचे मनापासून कौतुक करतो.

सूत्रात एखादी राशी खाली असली म्हणजे व्यस्त प्रमाण आणि वर असली म्हणजे सम प्रमाण, ही सवय आपण सातवी-आठवीच्या गणितातून आणतो आणि तिची अट मात्र विसरतो. अट अशी, की सूत्रातल्या उरलेल्या राशी स्थिर असल्या पाहिजेत. आजोळच्या उदाहरणात ६० किलोमीटर हे अंतर स्थिर आहे, म्हणूनच काल दुप्पट झाल्यावर वेग निम्मा झाला. गच्चीवरच्या चेंडूत स्थिर काय आहे? अंतर नाही, ते तर क्षणोक्षणी वाढते आहे. तिथे स्थिर आहे ते त्वरण.

याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही ठिकाणी आपण तुलना कशाची करतो ते पाहावे. आजोळच्या उदाहरणात प्रवास दोन आहेत आणि अंतर एकच. एका प्रवासाची दुसऱ्याशी तुलना चालली आहे. चेंडूच्या उदाहरणात प्रवास एकच आहे आणि क्षण दोन. त्याच प्रवासातल्या आधीच्या क्षणाची नंतरच्या क्षणाशी तुलना चालली आहे. शब्द दोन्हीकडे ‘काल’ असाच आहे, पण विचारलेले प्रश्न निराळे आहेत, म्हणून उत्तरेही निराळी येतात. त्यांत विरोध नाही.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून एकाच गाडीवर दोन्ही सूत्रे लावून दाखवतो. उभी असलेली मोटार निघाली आणि १० सेकंदांत तिचा काटा ताशी ३६ किलोमीटरवर आला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे दर सेकंदाला वेग १ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढला. वाढ तशीच चालू राहिली तर २० व्या सेकंदाला वेग सेकंदाला २० मीटर होईल. आता आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर काल आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन हे बिंदू मांडावेत आणि जोडावेत. आरंभबिंदूतून निघालेली सरळ तिरपी रेषा मिळेल. तिचा चढ म्हणजे त्वरण, आणि तिच्याखाली आडव्या अक्षापर्यंत जी जागा आहे तिचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. क्षेत्रफळच का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. वेग कायम असता तर आलेख आडवा राहिला असता आणि खालचा आयत वेग गुणिले काल एवढा, म्हणजे विस्थापनाएवढाच आला असता. वेग बदलत असेल तर त्या जागेच्या अगदी अरुंद उभ्या पट्ट्या पाडाव्यात. प्रत्येक पट्टीपुरता वेग जवळजवळ कायमच असतो, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की पूर्ण विस्थापन मिळते.

पहिल्या १० सेकंदांचा त्रिकोण : १० चा पाया, १० ची उंची, क्षेत्रफळ ५०. गाडी ५० मीटर गेली. २० सेकंदांचा त्रिकोण : २० चा पाया, २० ची उंची, क्षेत्रफळ २००. गाडी २०० मीटर गेली. आता मुलीला तिचे पहिले सूत्र इथे वापरायला सांगावे. ५० भागिले १० म्हणजे ५. २०० भागिले २० म्हणजे १०. काल दुप्पट झाला, तो भागाकारात खालीच होता, तरीही उत्तर निम्मे न होता दुप्पट झाले, कारण तेवढ्यात वरचे अंतर चौपट झाले होते. तिचा प्रश्न खरा इथे सुटतो.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. १० व्या सेकंदाला काट्यावर वेग १० आहे, भागाकार मात्र ५ देतो. पहिले सूत्र त्या कालावधीतला सरासरी वेग सांगते आणि दुसरे सूत्र त्या कालावधीच्या अखेरच्या क्षणाचा वेग सांगते. गाडी शून्यापासून १० पर्यंत एकसारखी चढत गेली, म्हणून सरासरी बरोबर मधली, ५ आली.

तुमच्या शंकेचे उत्तरही याच गाडीकडून मिळते. १० व्या सेकंदाला गाडी ५० मीटरवर आहे. ११ व्या सेकंदाला ती ६०.५ मीटरवर असेल, म्हणजे त्या एका सेकंदातला सरासरी वेग १०.५. आता कालावधी लहान करू. १० ते १०.१ सेकंद या अवधीत ती १.००५ मीटर जाते, म्हणून सरासरी १०.०५. १० ते १०.०१ या अवधीत सरासरी १०.००५. अवधी जितका आखडत नेऊ तितके उत्तर १० च्या जवळ सरकते, आणि अवधीला कधीही शून्य न करता ते कुठे चालले आहे हे आपल्याला निश्चितपणे कळते. ज्या संख्येकडे ते चालले आहे तिलाच त्या क्षणाचा वेग म्हणतात. शून्याने भागण्याची वेळ येतच नाही. अकरावी-बारावीत कलनशास्त्र शिकताना तिला हेच पुन्हा भेटेल, पण त्यासाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. हे तीन भागाकार तिने स्वतःच्या हाताने करावेत, एवढा माझा आग्रह आहे.

दुसरा प्रतिसाद : लंबक

काटकोन सरांनी मूळ प्रश्न पूर्णपणे सोडवला आहे. मी फक्त त्यामागची एक हकीकत सांगतो, कारण वेगाचे नाते कालाशी जोडावे की अंतराशी, या प्रश्नावर खुद्द गॅलिलिओ काही काळ चुकला होता, आणि त्याची चूक समजून घेतल्याने हा विषय जितका पक्का होतो तितका दहा गणिते सोडवूनही होत नाही, असे माझे मत आहे.

सोडलेला दगड खाली येताना अधिकाधिक वेगवान होत जातो, हे कोणालाही दिसते. पण हा वेग कशाच्या प्रमाणात वाढतो? १६०४ साली व्हेनिसमधल्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने असे गृहीत धरले होते, की पडलेले अंतर जितके, त्या प्रमाणात वेग. हे अगदी स्वाभाविक वाटते. पहिल्या मजल्यावरून पडलेल्या नारळापेक्षा तिसऱ्या मजल्यावरून पडलेला नारळ जोरात आदळतो, तेव्हा उंची आणि वेग हेच बरोबर चालत असावेत, असे आपल्यालाही वाटेल. पुढे त्याने हा विचार टाकला आणि समान कालावधींत वेगात समान वाढ, अशी व्याख्या स्वीकारली. ती सविस्तर छापली गेली १६३८ साली, हॉलंडमधल्या लायडन शहरात, गॅलिलिओ ७४ वर्षांचा आणि फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत असताना. त्या पुस्तकातल्या संवादात एक पात्र अंतराचीच बाजू मांडते, आणि दुसरे पात्र त्याला सांगते, की स्वतः लेखकही काही काळ याच चुकीत होता. आपली चूक अशी ग्रंथात नोंदवून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

अंतराचे प्रमाण चूक का, हे आकड्यांवरून पाहू. हवेचा अडथळा सोडून दिला तर सोडलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो. पहिला सेकंद संपताना वेग ९.८ आणि पडलेले अंतर ४.९ मीटर. दुसरा सेकंद संपताना वेग १९.६ आणि अंतर १९.६ मीटर. अंतर चौपट झाले, वेग मात्र दुप्पटच झाला. म्हणजे उंचीबरोबर वेग वाढतो हे खरे, पण तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एखाद्या ठिकाणाहून पडताना मिळालेला वेग दुप्पट करायचा असेल तर चौपट उंचीवर जावे लागेल.

याहून खोलवरची अडचण आरंभाच्या क्षणी आहे. दगड हातातून सुटला त्या क्षणी पडलेले अंतर शून्य असते. वेग जर अंतराच्या प्रमाणात असेल तर त्या क्षणी वेगही शून्य. वेग शून्य म्हणून अंतर वाढायचे नाही, आणि अंतर वाढत नाही म्हणून वेग वाढायचा नाही. तो दगड सोडल्या जागी तसाच लोंबकळत राहील. काल मात्र कोणासाठी थांबत नाही. तो पुढे जातोच, आणि म्हणून वेग कालाच्या प्रमाणात असेल तर दगडाला निघण्यासाठी आधी निघालेले असण्याची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष पडणाऱ्या दगडाची वेळ मोजण्याएवढे बारीक घड्याळ त्या काळी नव्हते. गॅलिलिओने त्यावर काढलेला मार्ग असा : पडणे मंद करायचे. सुमारे १२ हात लांबीची लाकडी तुळई घेऊन तिच्या कडेला त्याने सरळ खोबण कोरली, ती घासून गुळगुळीत केली, तिला आतून चर्मपत्राचे अस्तर लावले, आणि तुळई थोडी तिरपी करून त्या खोबणीतून पितळेसारख्या काशाची घोटीव गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याने भरलेले मोठे भांडे उंचावर ठेवले होते. त्याच्या तळाशी बारीक नळी होती. गोळी सुटताच धार पेल्यात धरायची, गोळी पोहोचताच पेला बाजूला घ्यायचा, आणि जमलेले पाणी काट्यावर तोलायचे. पाण्याच्या वजनांचे जे गुणोत्तर, तेच कालांचे गुणोत्तर. किती सेकंद लागले हे त्याला ठाऊक असण्याची गरजच नव्हती! संपूर्ण लांबी उतरायला जेवढे पाणी जमले, त्याच्या बरोबर निम्मे पाणी पाव लांबी उतरताना जमले. असे प्रयोग आपण शंभर शंभर वेळा केले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

सरांनी काढायला सांगितलेल्या त्रिकोणात हा नियम डोळ्यांना दिसतो. आडव्या अक्षाचे समान भाग करून उभ्या रेषा काढाव्यात, आणि पहिल्या भागात जो चिमुकला त्रिकोण मिळेल तो माप म्हणून घ्यावा. दुसऱ्या पट्टीत तसे तीन त्रिकोण बसतात, तिसरीत पाच, चौथीत सात. म्हणून पडणारा दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५ आणि चौथ्यात ३४.३ मीटर जातो : १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या गुणोत्तरात. हा त्रिकोणही गॅलिलिओच्या आधीचा आहे. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने आडव्या रेषेवर काल आणि तिच्यावर उभ्या रेषांनी वेग दाखवून अशाच आकृत्या काढल्या होत्या. पण पडणाऱ्या दगडाला तो त्रिकोण प्रयोगाने लागू करून दाखवला गॅलिलिओने.

घरात सरकत्या खिडकीची जुनी ॲल्युमिनियमची पट्टी पडलेली असेल आणि एक गोटी असेल, तर हा प्रयोग एका दुपारचा आहे. आता तर आपल्याकडे पाण्याच्या जागी मोबाइलमधले घड्याळ आहे.

तिसरा प्रतिसाद : दिनमान

भौतिकशास्त्र हा माझा विषय नाही. मी पंचांगाचे गणित शिकलो आहे. पण ताईंच्या दोन्ही शंका आमच्याकडे रोजच्याच आहेत, म्हणून थोडे लिहितो.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. हे १२ अंश कायम आहेत. चंद्राची गती मात्र कायम नाही. पृथ्वीच्या जवळ असताना तो दिवसाला १५ अंशांपर्यंत सरकतो आणि दूर असताना १२ अंशांच्याही थोडा खाली येतो. म्हणून काही तिथ्या जेमतेम २० तासांत संपतात आणि काही २६ तासांहूनही लांबतात. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपली तर आपण तिला क्षयतिथी म्हणतो, आणि दोन सूर्योदयांना तीच तिथी असली तर वृद्धितिथी म्हणतो. अंतर ठरलेले असले की वेग आणि काल यांचे व्यस्त प्रमाण असते, हे आजोळच्या प्रवासाचेच उदाहरण दिनदर्शिकेवर टांगलेले आहे.

क्षणाच्या वेगाची शंकाही जुनी आहे. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक म्हणजे ग्रहाची रोजची गती, असे ढोबळमानाने धरले जाते. ११५० साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे, की ही गती स्थूल आहे, आणि चंद्रासारखा शीघ्र चालणारा गोल असेल तर तिथीचा अंत काढताना त्या वेळची, म्हणजे तात्कालिक गतीच घेतली पाहिजे. सरांनी वर दिवसाच्या जागी सेकंद आणि सेकंदाच्या जागी सेकंदाचा शंभरावा भाग घेऊन जे दाखवले, त्याच वाटेवरचा हा विचार आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचे त्यात नमूद आहे. मुलीला घेऊन कधी त्या बाजूला जाणे झाले तर अवश्य पाहावा.

चौथा प्रतिसाद : शाईदौत

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. ‘दोन प्रवास आणि एक अंतर’ विरुद्ध ‘एक प्रवास आणि दोन क्षण’ हे वाक्य मुलीने वहीच्या त्याच पानावर, दोन सूत्रांच्या मधे, लाल शाईने लिहून ठेवले आहे.

रविवारी आम्ही पट्टीचा प्रयोग केला. शेजाऱ्यांनी खिडक्या बदलल्या तेव्हाची २ मीटरची पट्टी मिळाली. एका टोकाखाली दोन वह्या ठेवून ते साधारण ४ सेंटिमीटर उचलले, वरच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर खडूने खूण केली, आणि पट्टीच्या शेवटी वाटी उपडी ठेवली, म्हणजे गोटी आपटल्याचा आवाज ऐकू यावा. पहिल्या काही वेळा आकडे फारच विस्कळीत आले. मग लक्षात आले, की गोटी सोडताना मुलीच्या बोटाचा तिला हलकासा धक्का बसत होता, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य राहत नव्हता. तिने गोटीपुढे पोस्टकार्ड आडवे धरून ते झटकन उचलायला सुरुवात केली, आणि आकडे एकदम जुळू लागले. दहा वेळांची सरासरी अशी आली : अर्धा मीटर उतरायला २.८ सेकंद आणि पूर्ण २ मीटर उतरायला ५.५ सेकंद. पाव लांबीला निम्मा काल! वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा आम्ही दोघी काही वेळ काहीच बोललो नाही.

आता तिची पुढची शंका. पाठाच्या शेवटी सरळ वर फेकलेल्या चेंडूचे गणित आहे. तिने त्याचा वेग-काल आलेख काढला. रेषा वरून सुरू होऊन उतरत उतरत आडव्या अक्षाला छेदते आणि खाली जाते. ती विचारते, की चेंडू तर हातात परत आला, जमिनीखाली गेला नाही, मग रेषा शून्याच्या खाली कशी गेली? आणि सगळ्यांत वर चेंडू क्षणभर थांबतो, तेव्हा वेग शून्य असल्यावर त्वरणही शून्य धरायला नको का?

पाचवा प्रतिसाद : काटकोन

पोस्टकार्डाची युक्ती तिला स्वतःला सुचली असेल तर माझ्याकडून तिला शाबासकी सांगावी. सुरुवातीचा वेग शून्य असणे ही ‘पाव लांबीला निम्मा काल’ या नियमाची अट आहे, हे तिला बोटाने कळले.

वेग-काल आलेख हे चेंडूच्या वाटेचे चित्र नव्हे. उभ्या अक्षावर उंची नसून वेग आहे, आणि वेगाला दिशा असते. आपण वरची दिशा धन मानली, म्हणून खाली येणाऱ्या चेंडूचा वेग ऋण. रेषा अक्षाच्या खाली गेली याचा अर्थ एवढाच, की चेंडूची दिशा बदलली. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला असे धरले, तर एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी −९.८ आणि चार सेकंदांनी −१९.६. अक्षाच्या वरचा त्रिकोण १९.६ मीटरचा आणि खालचाही तेवढाच, पण ऋण. बेरीज शून्य, म्हणजे विस्थापन शून्य : चेंडू हातात परत आला. चिन्ह बाजूला ठेवून दोन्ही त्रिकोण मिळवले तर ३९.२ मीटर, ते चेंडूने कापलेले अंतर. विस्थापन आणि अंतर यांतला भेद याहून स्पष्टपणे कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या शंकेसाठी तिने रेषेवर पट्टी ठेवून पाहावी. रेषा अक्षाला छेदते त्या ठिकाणी तिचा चढ बदलतो का? अजिबात नाही, ती आधी जितकी तिरपी होती तितकीच नंतरही आहे. त्वरण म्हणजे चढ, म्हणून माथ्यावरही त्वरण खालच्या दिशेने ९.८ च आहे. वेग किती आहे हा एक प्रश्न आणि वेग बदलतो आहे का हा दुसरा प्रश्न. माथ्यावर त्वरणही शून्य झाले असते तर शून्य वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच अधांतरी टांगून राहिला असता. म्हणून ‘थांबतो’ हा शब्दही जपून वापरावा. चेंडू तिथे क्षणभरही राहत नाही. तो त्या वेगातून फक्त पुढे जातो, जसा ९.८ मधून गेला आणि −९.८ मधूनही जाणार आहे.

सहावा प्रतिसाद : लंबक

एक पुरवणी जोडतो, कारण वरच्या सगळ्या चर्चेत आपण रेषा सरळच धरली आहे, आणि वेग-काल आलेख म्हटला की तो सरळच असतो, असा मुलीचा समज व्हायला नको. रेषा सरळ असते ती त्वरण स्थिर असेपर्यंतच. पावसाच्या थेंबाचे उदाहरण घ्यावे. हवेचा अडथळा नसता तर एक किलोमीटर उंचीवरून निघालेला थेंब सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने आपल्या डोक्यावर आला असता आणि पावसात बाहेर पडणे जिवावर बेतले असते. प्रत्यक्षात वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, थेंबाचे त्वरण कमी कमी होत जाते, आणि विरोध वजनाएवढा झाला की वेग वाढणे थांबते. ५ मिलिमीटर व्यासाच्या टपोऱ्या थेंबाचा हा अखेरचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. रिमझिमीच्या बारीक थेंबांचा त्याहून पुष्कळ कमी. त्याचा आलेख आरंभी सरळ चढणाऱ्या रेषेसारखा निघतो, मग वाकतो आणि शेवटी आडवा होतो.

तिला हा आलेख चेंडूच्या आलेखाशेजारीच, त्याच कागदावर काढायला सांगावे, आणि चेंडूच्या आलेखात रेषा अक्षाला छेदते तिथे व थेंबाच्या आलेखात रेषा आडवी होते तिथे, अशा दोन्ही ठिकाणी वेग किती आणि त्वरण किती ते लिहायला सांगावे. काय लिहिले ते इथे कळवावे. मी वाट पाहतो.